आरएफसी १५९१: विश्वस्त नेमला, पण त्याला हटवणार कोण?

इंटरनेटच्या कारभारावर संशोधन करायचं मनात असेल, तर जॉन पोस्टेल यांचा मार्च १९९४ चा 'आरएफसी १५९१' हा दस्तऐवज आधी वाचा. डॉट इनसारखी देशांची डोमेन कोणी सांभाळायची, याचे नियम यात आहेत. मोजकीच पानं आहेत, एका बैठकीत वाचून होतील.

दोन गोष्टी यात उत्तम जमल्या आहेत. देश कशाला म्हणायचं हा वाद आयएसओ ३१६६ च्या यादीवर सोपवून टाकला आहे. आणि डोमेन चालवणारा मालक नसून विश्वस्त आहे, असं स्पष्ट म्हटलं आहे.

पण इथेच थांबून विचारा: विश्वस्त कोणाचा? दस्तऐवज म्हणतो, त्या देशाचाही आणि जगभरच्या इंटरनेट समुदायाचाही. दोघांचं हित आपसात भिडलं तर काय, यावर मात्र काही उत्तर नाही.

नियुए या छोट्या बेटदेशाचं डॉट एनयू घ्या. १९९७ मध्ये ते एका अमेरिकी उद्योजकाच्या संस्थेकडे गेलं. स्वीडिश भाषेत 'नु' म्हणजे 'आता', त्यामुळे गिऱ्हाईक मिळालं स्वीडनमध्ये. २०१३ पासून डोमेनचा कारभारही तिथलीच एक संस्था बघते. नियुए सरकारला ताबा परत हवाय; २०१८ मध्ये ते स्वीडनच्या कोर्टात गेलं.

१५९१ प्रमाणे व्यवस्थापक बदलायला जुन्या आणि नव्या, दोघांची संमती लागते. कामात सतत बिघाड असेल तरच काढून घेता येतं. डोमेन नीट चालत असेल तर? मग काहीच करता येत नाही. आपल्याकडे ट्रस्टचा विश्वस्त चुकला तर धर्मादाय आयुक्तांकडे जाता येतं. इथे ते दारच नाही.

मग सगळं सरकारांकडे द्यावं का? आयकॅनमधल्या सरकारी सल्लागार समितीची २००५ ची तत्त्वं जवळपास तेच म्हणतात. पण वेळ आली की नेट बंद करणारीही सरकारंच असतात, हे विसरू नका.

म्हणून 'सरकारी की खासगी' असा विषय घेऊ नका, त्यात अडकाल. त्याऐवजी विचारा: व्यवस्थापकाला कोण हटवू शकतं, कोणत्या कारणासाठी, आणि दाद कुठे मागायची? १५९१ खरा कमी पडतो तो या तीन प्रश्नांवर. तुमच्या प्रबंधाला जागा आहे ती तिथेच.