पाच उत्परिवर्तने आणि मोजक्या वाटा

वाइनराइख, डेलेनी, डिप्रिस्टो व हार्टल यांचा २००६ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेला निबंध उत्क्रांतीच्या अभ्यासात मान्यता पावला आहे. पेनिसिलिनवर्गीय औषधे निष्प्रभ करणाऱ्या बीटा-लॅक्टमेज या विकराच्या जनुकात पाच उत्परिवर्तने एकत्र आली, तर सेफोटॅक्झिमविरुद्धचा जंतूंचा प्रतिरोध सुमारे एक लक्ष पटींनी वाढतो. ही उत्परिवर्तने १२० क्रमांनी घडू शकतात. परंतु प्रत्येक पायरीवर प्रतिरोध वाढलाच पाहिजे, या अटीवर १०२ क्रम बाद ठरतात. २३८व्या स्थानावरील बदल या औषधाविरुद्ध विकराचे बळ वाढवितो, पण त्याची घडण दुर्बळ करतो. १८२व्या स्थानावरील बदल ती सावरतो. सावरण्याजोगे काही नसताना हा दुसरा बदल घडला, तर निवडीचा आधार त्यास लाभत नाही.

हे विवेचन मार्मिक आहे. मात्र प्रथिनांच्या उत्क्रांतीचे भाकीत करता येईल, ही लेखकांची आशा सावधपणेच स्वीकारली पाहिजे. प्रयोगात औषध एकच होते. बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांतील रुग्णाचा डॉक्टर, औषध व मात्रा मध्येच बदलणे सहज संभवते. एका औषधाखाली बंद असलेली वाट दुसऱ्याखाली खुली होऊ शकते. तेव्हा हंगाम संपवून परतणाऱ्या रुग्णांचे जंतू अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी वर्षानुवर्षे तपासले गेले, तरच हे भाकीत खऱ्या अर्थाने कसास लागेल.