भुलीआधीचे सात प्रश्न

ऑपरेशन थिएटरच्या भिंतीवर चिकटवलेलं एक पान मी पुन्हा पुन्हा वाचतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली काढलेली शस्त्रक्रियेची तपासणी-यादी. एकूण १९ कलमं, तीन भाग. ती तयार करणाऱ्या गटाचे प्रमुख होते डॉ. अतुल गावंडे. त्यांच्या वडिलांचं गाव उमरखेड तालुक्यातलं, म्हणजे हिंगोली वेगळी होण्याआधीच्या आपल्या परभणी जिल्ह्यापासून पैनगंगा ओलांडली की आलेला मुलूख.

खरा कस पहिल्या भागात आहे. भूल देण्याआधीचे सात प्रश्न. त्या वेळी निदान परिचारिका आणि भूलतज्ज्ञ हजर हवेत, असं तिथेच छापलंय. सर्जनचा उल्लेख नाही. अमेरिकेत खास शिकलेल्या परिचारिका स्वतः भूल देतात. मिनेसोटातल्या ॲलिस मॅगॉ यांनी तर १९०६ मध्येच चौदा हजारांहून जास्त भुलींचा लेखाजोखा छापला होता. आपल्याकडे भूल द्यायची ती डॉक्टरनेच. पण नीट तयारी झाली का, हे डॉक्टरला मोठ्याने विचारायचं काम या पानामुळे बहुधा सिस्टरकडे आलं. मला ही त्याची सगळ्यात मोठी करामत वाटते.

सुरुवात पेशंटपासून होते. केसपेपर हाताशी असला तरी विचारायचं त्यालाच. "मावशी, पूर्ण नाव सांगा. कशाचं ऑपरेशन आहे?" "पिशवी काढायचीय." थोड्या वेळाने मावशींना बोलता येणार नाही, म्हणून त्यांचं बोलणं सर्वांत आधी. मग भुलीचं मशीन आणि औषधं तपासली का? बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावलाय आणि तो चालतोय का? नुसता लावलेला पुरत नाही. नेलपॉलिश पुसून, आकडा येतोय हे बघून मगच खूण. रक्तातला ऑक्सिजन उतरू लागला की त्याचा टिकटिक आवाज खर्जात जातो. हात कामात गुंतलेले असले तरी कानांना कळतं.

सहाव्या प्रश्नाशी मी नेहमी थांबतो. श्वासनलिकेत नळी घालणं अवघड जाईल का, पोटातलं फुफ्फुसात जायचा धोका आहे का? उत्तरासाठी दोनच चौकोन: एक 'नाही'चा, दुसरा 'हो, आणि साधनं व मदत हजर आहे' असा. धोका आहे पण तयारी नाही, अशा उत्तराला पानावर जागाच ठेवलेली नाही. तालुक्याच्या रुग्णालयात रात्री तातडीच्या सिझेरियनला आलेली बाई आठवा. संध्याकाळी भाकरी खाल्लेली, कळा सुरू झालेल्या. भूल देणारा कधी कधी १८ आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेला एमबीबीएस डॉक्टर. अशा वेळी मदत म्हणजे कोण? सक्शन चालू करून उशाशी ठेवणारी, लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का बघणारी, गळ्यावर बोटांनी दाब धरणारी सिस्टर. पूर्ण बेशुद्ध न करता पाठीत इंजेक्शन द्यायचं ठरलं, तरी ही सगळी मांडणी करूनच ठेवायची.

दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत यादी वापरल्यावर मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आल्याचं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे कॅनडातल्या ओंटारिओत ती सक्तीची झाली. तिथल्या १०१ रुग्णालयांच्या २०१४ च्या अभ्यासात म्हणावा तसा फरक दिसला नाही. मला याचं नवल वाटत नाही. चौकोनात खूण प्रश्न न विचारताही करता येते, आणि गर्दीच्या दिवशी ती तशी होते. पान चांगलं आहे. ते मोठ्याने वाचावं लागतं, आणि सिस्टर वाचत असताना सगळ्यांना हातातलं काम थांबवावं लागतं, सिनियर डॉक्टरलासुद्धा.

तळाशी बारीक अक्षरात सांगितलंय की ही यादी पुरी नाही, आपापल्या जागी भर घाला. परभणीपुरती मी दोन कलमं घालीन. ऑक्सिजनचा दुसरा सिलिंडर भरलेला आहे का, आणि त्याची चावी कुठे आहे? लाइट गेली तर मॉनिटर आणि सक्शन बॅकअपवर किती वेळ चालतील, आणि जनरेटर चालू करणारा माणूस आत्ता आवारात आहे का?