रुग्णालयाचे संक्रमण शिबिर

फ्लॉरेन्स नाइटिंगेल आपल्याला शाळेच्या धड्यात भेटतात आणि बहुधा तिथेच राहून जातात. हातात दिवा, क्रिमियाच्या युद्धातले जखमी सैनिक, रात्रीची फेरी. चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. १८५६ मध्ये युद्धावरून परतल्यावर या बाईंनी पुढची कित्येक वर्षे तक्ते, अहवाल, पत्रे आणि इमारतींचे नकाशे यांत घालवली. १८५९ मध्ये त्यांचे 'नोट्स ऑन हॉस्पिटल्स' प्रसिद्ध झाले. कोंदट, गर्दीने भरलेली इमारत स्वतःच रोग्याला मारते, हा त्या पुस्तकाचा गाभा. खिडक्या समोरासमोर असलेले, मोकळी हवा खेळणारे लांबट स्वतंत्र वॉर्ड बांधा, हा त्यावरचा उपाय. रुग्णालय-वास्तूच्या इतिहासात या पुस्तकाचे मोल फार मोठे आहे. पण जुनी इमारत सोडल्यापासून नवी उभी राहीपर्यंत रोग्याने कुठे जायचे, या प्रश्नाला त्यात जागा नाही. त्या काळी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नेमका हाच प्रश्न उभा राहिला होता. त्या एका रुग्णालयाच्या तीन पुनर्बांधण्या शेजारी ठेवून पाहिल्या, तर या उणिवेचे वजन कळते.

सेंट थॉमस तेव्हा थेम्सच्या दक्षिणेला, लंडन ब्रिजजवळच्या साउथवर्क भागात होते. मजूर, हमाल, गोदीतले कामगार यांची ही वस्ती. चेरिंग क्रॉसकडे जाणाऱ्या रेल्वेला मार्गासाठी रुग्णालयाच्या जागेचा एक तुकडा हवा होता. तुकडा देऊन उरलेल्या जागेत राहायचे, की सगळीच जागा विकून निघायचे, यावर वाद झाला. नाइटिंगेलबाईंचे मत निघून जावे असे होते. रोगी कुठून कुठून येतात याची मोजणी त्यांनी करवून घेतली आणि रुग्णालय दूर गेल्याने फारसे बिघडणार नाही, असा निष्कर्ष काढला. अखेर २ लाख ९६ हजार पौंडांना जागा विकली गेली आणि १८६२ मध्ये रुग्णालय साउथवर्कमधून उठले.

इथे त्यांच्या आकड्यांची पद्धत तपासायला हवी. 'नोट्स ऑन हॉस्पिटल्स'च्या १८६३ च्या आवृत्तीत लंडनच्या २४ रुग्णालयांतला मृत्युदर ९०.८४ टक्के दिला आहे. वाचणारा दचकतो. हा आकडा आला कसा? वर्षभरातल्या मृत्यूंना एका ठराविक दिवशी खाटांवर असलेल्या रोग्यांच्या संख्येने भागले गेले. एका खाटेवर वर्षात अनेक रोगी येऊन जातात, ही साधी गोष्ट भाजकात आलीच नाही. डॉक्टरांनी त्यावर तेव्हाच टीका केली, आणि टीकाकारांपैकी जॉन ब्रिस्टो हे सेंट थॉमसचेच डॉक्टर होते. हा हिशेब पुष्कळदा चर्चिला गेला आहे. स्थलांतरासाठी केलेल्या मोजणीतली गफलत मात्र कमी चर्चिली गेली. रजिस्टरात नाव असते ते येऊन गेलेल्या रोग्याचे. रुग्णालय लांब गेल्यामुळे जो उद्या येणारच नाही, तो कोणत्याच रजिस्टरात सापडत नाही.

१८६२ ते १८७१ ही नऊ वर्षे सेंट थॉमस 'सरे गार्डन्स' या करमणुकीच्या बागेत होते. तिथल्या भव्य संगीतगृहाला १८६१ मध्ये आग लागली होती. तीच इमारत डागडुजी करून वॉर्डांसाठी घेतली. बागेत पूर्वी प्राणिसंग्रहालय होते. त्याच्या उरलेल्या बांधकामांचाही उपयोग केला गेला. खाटा पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी झाल्या. मुंबईकराला यासाठी वेगळा शब्द शोधायला नको. हे संक्रमण शिबिर होते. चाळ पाडताना 'थोड्या दिवसांसाठी' म्हणून माणसे तिथे जातात आणि मुले शाळेतून बाहेर पडेपर्यंत तिथेच राहतात. सेंट थॉमसच्या बाबतीत एक गोष्ट मान्य केली पाहिजे. साउथवर्कमध्ये १७२५ पासून गाय्ज रुग्णालय अगदी शेजारीच होते. वस्ती अगदी उघडी पडली नाही. पण तो भार गाय्जवर सोडला, असेच त्याचे सरळ वर्णन करावे लागेल.

लॅम्बेथमध्ये, पार्लमेंटच्या समोरच्या तीरावर, नवे रुग्णालय १८७१ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या हस्ते सुरू झाले. हेन्री करी यांनी आखलेल्या सात स्वतंत्र इमारतींची ही रांग म्हणजे नाइटिंगेलबाईंच्या तत्त्वांची वीट आणि दगडातली आवृत्ती. जागा मात्र त्यांच्या पसंतीची नव्हती. त्यांना शहराबाहेरची मोकळी जमीन हवी होती. माझ्या मते, जागेच्या बाबतीत त्यांचे ऐकले गेले नाही हे रोग्यांच्या पथ्यावर पडले.

दुसरी पुनर्बांधणी कोणी ठरवून केली नाही. सप्टेंबर १९४० मध्ये जर्मन बॉम्ब पडले. कर्मचारी मेले, उत्तरेकडच्या इमारती उद्ध्वस्त झाल्या. तरी रुग्णालय उठले नाही. शस्त्रक्रिया तळघरात होऊ लागल्या आणि सरे परगण्यात हायडस्टाइल इथे शाखा उघडली गेली. युद्ध १९४५ मध्ये संपले, पण पूर्वेकडची नवी इमारत १९६६ मध्ये आणि उत्तरेकडची १९७६ मध्ये आली. म्हणजे एक पिढीभर तिथे उपचार आणि बांधकाम एकाच आवारात चालले. हायडस्टाइलची 'तात्पुरती' शाखासुद्धा १९६८ पर्यंत टिकली.

तिसरा प्रयत्न आपल्या काळातला. १९६६ ची इमारत गळू लागली होती, काचा-चौकटी जुन्या झाल्या होत्या. २०१० नंतरच्या दशकात तिच्याभोवती बाहेरून नवे काचेचे आवरण उभारले गेले, आणि आतले वॉर्ड चालू राहिले. दिसायला ही तिन्हींतली सर्वांत कमी दिमाखदार बांधणी. कोणी राणी फीत कापायला आली नाही. पण खाटेवरच्या माणसाला मध्यबिंदू मानून आखलेली अशी हीच एक.

बंद करून बांधणे स्वस्त पडते, लवकर होते, धूळ आणि आवाज रोग्यांना सोसावा लागत नाही, हा युक्तिवाद पोकळ नाही. चालू वॉर्डाशेजारी पाडकाम करताना उडणारी धूळ, त्यातली बुरशी अशक्त रोग्याच्या फुप्फुसाला खरोखर धोक्याची असते. ऑक्सिजनची आणि पाण्याची वाहिनी एक तासही तोडता येत नाही. म्हणून टप्पे पाडावे लागतात: आधी एक मोकळी जागा, तिथे एक विभाग, त्याच्या रिकाम्या जागी पुढचे काम. वेळ वाढतो, खर्च वाढतो. पण हा वाढीव खर्च निविदेत आकड्याने दिसतो. बंद काळात न झालेल्या उपचारांचा खर्च कोणत्याही निविदेत नसतो. तो घराघरांत वाटला जातो. म्हणून पहिला पर्याय नेहमी स्वस्त भासतो.

१८६२ मध्ये सेंट थॉमस उठले, तेव्हा शेजारच्या चर्चच्या माळ्यावरचे १८२२ चे शस्त्रक्रियागृह तसेच बंद पडले. १९५६ मध्ये ते पुन्हा सापडले आणि आज तिथे संग्रहालय आहे. लाकडी टेबल, विद्यार्थ्यांसाठीच्या पायऱ्या, सगळे जपलेले. वास्तूचे अवशेष असे जपता येतात. त्या नऊ वर्षांत दाराशी येऊन परत गेलेल्यांचा अवशेष उरत नाही, आणि इतिहासकारही त्यामुळे उद्घाटनाच्या तारखांवरच इतिहास लिहीत जातात.

मुंबईत जे. जे. १८४५ पासून आणि केईएम १९२६ पासून चालू आहे. अशा आवारांत जुनी इमारत पाडण्याचा विषय जेव्हा निघेल, तेव्हा नव्या खाटा किती, हा प्रश्न कोणीतरी विचारेलच. दुसरा प्रश्न वाचकांनी विचारावा: मधल्या प्रत्येक वर्षी खाटा किती असतील, कुठे असतील, आणि तिथपर्यंत बसने जाता येईल का? हे उत्तर लेखी, वर्षनिहाय आणि पाडकामाच्या परवानगीआधी मिळाले पाहिजे. नाइटिंगेलबाईंची तक्त्यांवरची श्रद्धा खरी मानायची, तर त्यांनी रिकामा सोडलेला हा रकाना भरण्याचे काम आपले आहे.