खासगी म्हणजे कुणापासून खासगी? सिरिअलायझर आणि मागचं दार

आजचा विषय वरवर पाहता प्रोग्रामरांच्या कोपऱ्यातला आहे, पण त्यात आपल्या ओळखीचा एक जुना प्रश्न आहे. एखादी गोष्ट 'खासगी' आहे असं आपण म्हणतो, तेव्हा नेमकं काय म्हणतो?

आधी व्यवहार समजून घेऊ. प्रोग्राम चालू असताना माहिती मेमरीत वस्तूंच्या रूपात असते. ती फाइलमध्ये उतरवणं आणि पुन्हा तशीच उभी करणं म्हणजे सिरिअलायझेशन. हे काम रिफ्लेक्शननं, म्हणजे दर वेळी वस्तूला तिची रचना विचारत केलं, तर वेळ लागतो. म्हणून डॉटनेटमधले अनेक सिरिअलायझर रचना एकदाच विचारतात आणि त्या टाइपपुरता कोड चालू प्रोग्राममध्येच तयार करतात. नंतर तो कोड झपाट्यानं चालतो.

अडचण इथे येते. हा नवा कोड सहसा वेगळ्या असेंब्लीत जन्मतो, म्हणजे तो घराबाहेरचा. त्यानं 'इंटर्नल' किंवा 'प्रायव्हेट' गोष्टीला हात लावला की रनटाइम त्याला अडवतो. गंमत अशी, की पूर्ण विश्वासानं चालणाऱ्या प्रोग्राममध्ये रिफ्लेक्शनला तीच खासगी गोष्ट बिनदिक्कत वाचता येते! मग ही भिंत चोरांसाठी बांधलेली नाही, हे उघड झालं. ती कशासाठी आहे?

डेव्हिड पार्नास यांनी १९७२ साली याचं उत्तर दिलं. जे निर्णय पुढे बदलण्याची शक्यता आहे, ते एका मॉड्यूलच्या आत लपवा, म्हणजे बदल झाला तरी बाहेरच्यांना झळ लागणार नाही. म्हणजे काय, तर खासगीपणा हे गुपित नव्हे. 'यावर विसंबू नका, हे मी उद्या बदलीन' असं लेखकानं बजावून ठेवणं आहे ते.

आता या प्रश्नावरची तीन उत्तरं तपासू. एक्सएमएल-सिरिअलायझर म्हणतो, मी फक्त पब्लिक टाइप आणि त्यांचे पब्लिक सदस्य घेईन. नियम सरळ आहे, पण न्यायशास्त्राच्या भाषेत ही अव्याप्ती झाली. जे जपून ठेवायला हवं तेही बाहेर राहतं. शिवाय केवळ फाइलमध्ये उतरावा म्हणून टाइप पब्लिक केला, की बाहेरचे त्यावर विसंबू लागतात. भिंत वाचवायला गेलो आणि घरच उघडं पडलं.

दुसरं टोक बघा. २००५ साली डॉटनेट २.० मध्ये डायनॅमिक-मेथड आली. ती बनवतानाच 'दृश्यतेची तपासणी करू नकोस' असं सांगता येतं. या सोयीमुळे सिरिअलायझर खासगी गोष्टीही सहज उचलू शकतात. मेसेजपॅकच्या सी-शार्प लायब्ररीत एका रिझॉल्व्हरच्या नावातच 'कॉन्ट्रॅक्टलेस' आणि 'अलाऊ प्रायव्हेट' हे दोन्ही शब्द आहेत. करार नको आणि खासगीही चालेल! ही अतिव्याप्ती.

पूर्वपक्ष विचारेल, 'प्रोग्राम आपला, फाइल आपली, मग खासगी ठेवायचं कुणापासून?' प्रश्न रास्त आहे. आमचं उत्तर असं, की उद्याच्या आपल्यापासून. समजा, मुदत ठेवीचा एक इंटर्नल टाइप आहे आणि त्यात 'शेवट' नावाचं खासगी फील्ड आहे. तीन वर्षांनी कुणी त्याचं नाव 'परिपक्वता' केलं. खासगीच तर आहे, बदलायला कुणाची हरकत? पण जुन्या फायलीत 'शेवट' असं लिहिलेलं आहे. वाचणाऱ्या कोडला 'परिपक्वता' सापडत नाही. तो तक्रार न करता डॉटनेटची मूळ किंमत तशीच राहू देतो, १ जानेवारी, सन १. ठेव दोन हजार वर्षांपूर्वीच पिकली! फाइल माणसांच्या आठवणीपेक्षा जास्त टिकते. तिच्यात उतरलेली खासगी गोष्ट कुणी जाहीर न करताच सार्वजनिक होऊन बसते.

तिसरं उत्तर २००६ साली डॉटनेट ३.० बरोबर आलेल्या डेटा-कॉन्ट्रॅक्टचं. तोही खासगी सदस्य घेतो, पण लेखकानं ज्यावर खूण केली आहे तेवढेच. खुणेबरोबर फाइलमधलं नाव वेगळं ठरवता येतं, मग आतलं नाव खुशाल बदला. इथे संमती आहे, आणि आमच्या मते सगळा फरक तिथेच पडतो. उणीव एक राहते. असा टाइप परत उभा करताना कन्स्ट्रक्टर चालतच नाही. 'शेवट सुरुवातीच्या आधी नसावा' ही कन्स्ट्रक्टरमधली तपासणी हुकते. वस्तू उभी राहिल्यावर पुन्हा तपासायची सोय आहे, पण ती लेखकानं आठवणीनं वापरली तर.

२०२१ साली डॉटनेट ६ मध्ये जेसनसाठी हाच कोड कंपाइल होतानाच तयार करायची सोय आली. हा कोड त्याच असेंब्लीत जन्मतो, घरचाच असतो. त्याला इंटर्नल टाइप रीतसर दिसतो, वस्तू घडवताना तो कन्स्ट्रक्टरलाच बोलावतो आणि प्रायव्हेटच्या दाराशी थांबतो. आम्हाला ही वाट जास्त पटते, कारण इथे भिंत फोडावीच लागत नाही.

तेव्हा प्रोग्राम लिहिणाऱ्या श्रोत्यांना एवढंच सांगू. तपासणी टाळायची खूण करण्याआधी विचारा, या टाइपच्या लेखकानं हे टिकवायचं वचन दिलं आहे का? दिलं नसेल तर आधी ते मागा. टाइप आपलाच असेल, तर आधी स्वतःकडून घ्या. मग फाइल लिहा.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.