चोखोबांचा गाल

महिपतींच्या ‘भक्तविजया’तील (१७६२) संतकथा परप्रांतीच्या गणेशोत्सवांतही कीर्तनांतून ऐकू येतात आणि आपण डोळे पुसतो. हे अश्रू नेमके कोणासाठी, हे सहसा कोणी विचारत नाही.

चोखामेळ्याची कथा पाहावी. विठ्ठल त्यांच्या घरी जेवावयास बसतो. पत्नीच्या हातून देवाच्या पीतांबरावर दही सांडते. चोखोबांनी तिला लावलेला बोल पुजाऱ्याच्या कानी पडतो आणि तो चोखोबांच्या तोंडात मारतो. देवळात येऊन पाहतो तो पीतांबर दह्याने भिजलेला, देवाचा गाल सुजलेला! येथे करुणरस शिगेस पोहोचतो. पुजाऱ्याला पश्चात्ताप झाला तो देवाचा गाल पाहून. चोखोबांचा गाल तर त्याच्या समोरच होता. श्रोत्यांचेही तेच होते. देवभक्तांचे ऐक्य महिपतींनी विलक्षण रंगविले आहे, यात शंका नाही. परंतु माणसाची वेदना देवाच्या अंगावर उमटल्याखेरीज पटू नये, ही या प्रसंगाची उणीव आहे.

म्हणून मला चोखोबांच्या मृत्यूची आख्यायिका अधिक थोर वाटते. मंगळवेढ्यास १३३८ मध्ये गावकुसाचे काम चालू असता ते कोसळले व चोखोबा त्याखाली गाडले गेले. येथे देव धावत नाही. नामदेव जातात, ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू येते त्या वेचतात आणि पंढरपुरास महाद्वाराशी समाधी होते. चमत्कार याही कथेत आहे. पण त्यासाठी एका माणसाला अस्थींना कान लावावा लागला. देवळाचे दार मात्र चोखोबांच्या जातिबांधवांना १९४७ पर्यंत, साने गुरुजींच्या उपोषणापर्यंत, बंदच होते.