अपमानाची स्मृती आणि चित्रभाषा : सवी सावरकर व चार्ल्स व्हाइट

प्रस्तावना

दलित साहित्य आणि आफ्रो-अमेरिकन साहित्य यांचा तौलनिक विचार मराठवाड्यास नवा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये ड्यू बॉईस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्याकडे लक्ष वेधले होते. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या ‘दलित पँथर’ने ‘ब्लॅक पँथर’पासून नाव घेतले. डॉ. गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ आणि डॉ. जनार्दन वाघमारे यांचे लेखन यांमुळे कृष्णवर्णीयांचे साहित्य आपल्या अभ्यासवर्गात आले. मात्र ही चर्चा प्रामुख्याने शब्दाभोवती फिरली. चित्रकला तिच्या कक्षेबाहेर राहिली. प्रस्तुत लेखात ही उणीव लक्षात घेऊन दोन चित्रकार-शिक्षकांचा विचार केला आहे.

चार्ल्स व्हाइट : दस्तऐवजाचे पुनर्लेखन

शिकागो येथे जन्मलेले चार्ल्स व्हाइट (१९१८–१९७९) १९६५ पासून लॉस एंजेलिसच्या ओटिस कलासंस्थेत अध्यापन करीत होते. केरी जेम्स मार्शल हे त्यांचे विद्यार्थी. ‘वाँटेड पोस्टर’ या चित्रमालिकेत व्हाइट यांनी गुलामांच्या विक्रीच्या आणि पळालेल्या गुलामांना पकडून देण्याच्या जुन्या जाहिरातींचा आधार घेतला. घड्या पडलेल्या कागदासारख्या पार्श्वभूमीवर ते समकालीन कृष्णवर्णीयांचे चेहरे रेखाटतात. ज्या कागदाने माणसाची किंमत ठरविली, त्याच कागदावर ते माणसाची प्रतिष्ठा उभी करतात.

सवी सावरकर : दस्तऐवजाची निर्मिती

नागपूर येथे १९६१ मध्ये जन्मलेल्या सवी सावरकरांनी बडोद्यास मुद्राचित्रणाचे शिक्षण घेतले व पुढे दिल्लीच्या कला महाविद्यालयात अध्यापन केले. गळ्यात मडके व कमरेला झाडू बांधलेला पेशवेकालीन अस्पृश्य ही त्यांची लक्षणीय प्रतिमा होय. आंबेडकरांनी ‘जातिनिर्मूलन’ (१९३६) या ग्रंथात या प्रथेचा उल्लेख केला आहे. सावरकरांची जाड, काळी रेषा देहाला सुबक होऊ देत नाही. व्हाइट यांच्या चेहऱ्यांतील धीरगंभीर सौंदर्य येथे आढळत नाही.

अपमानाचे असे वारंवार चित्रण म्हणजे अपमानाचीच पुनरावृत्ती नव्हे काय, असा आक्षेप येथे संभवतो. तो गंभीर आहे. परंतु त्यात दोन्ही चित्रकारांच्या साधनसामग्रीतील फरक लक्षात घेतला जात नाही. व्हाइट यांच्यासमोर छापील कागद होता; अत्याचार करणाऱ्यानेच त्याचा पुरावा मागे ठेवला होता. सावरकरांपुढे मुख्यतः मौखिक स्मृती आणि आंबेडकरी लेखन होते. व्हाइट यांना उपलब्ध दस्तऐवज खोडून नव्याने लिहिता आला. सावरकरांना तो आधी निर्माण करावा लागला. म्हणूनच त्यांच्या चित्रांतील कुरूपता हा सौंदर्यदृष्टीचा अभाव नसून साक्षीची गरज आहे. सुबक मडके पाहणाऱ्याला दिलासा देईल. हे मडके तो देत नाही.

तथापि, एक मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे. सावरकरांच्या देवदासीविषयक चित्रांत स्त्री अनेकदा व्यवस्थेचे चिन्ह ठरते. तिचे स्वतंत्र व्यक्तित्व पुरेसे उलगडत नाही. दलित स्त्रियांच्या आत्मकथनांनी जे साधले, ते येथे अपुरे राहते.

निष्कर्ष

सामाजिक स्मृती आपोआप टिकत नाही. ती कोणत्या माध्यमातून जपली जाते, यावर तिचे स्वरूप अवलंबून असते. आपण ज्या शहरात हे विषय शिकवितो, ते १६१० मध्ये खडकी या नावाने मलिक अंबरने वसविले. गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी पुढे निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. त्याची कबर खुलताबादला आहे, तर त्याचे एक दख्खनी चित्र बोस्टनच्या संग्रहालयात आहे. तरीही कृष्णवर्णीय अस्मिता हा विषय आपण परदेशी म्हणूनच शिकवितो. दलित साहित्याच्या अध्यापनात कवितेशेजारी चित्रही ठेवले, तर विद्यार्थ्याला वेदनेचे केवळ वर्णन वाचावे लागणार नाही; तिच्याकडे पाहण्याची जबाबदारीही त्याच्यावर येईल. साहित्याच्या अध्यापकांनी ही जबाबदारी प्रथम स्वतः स्वीकारावयास हवी.