‘साइन’ या संज्ञेची व्युत्पत्ति

इंग्रजी त्रिकोणमितींतील ‘साइन’ हा शब्द आपल्या ‘शिंजिनी’पासून निघाला, व ‘कोसाइन’मधील ‘को’ म्हणजे आपली ‘कोटि’च, असें मत अधूनमधून आमच्या कानीं येतें. शिंजिनी म्हणजे धनुष्याची दोरी, व ती ज्येचा पर्याय होय, हें खरें. परंतु नादसाम्य हा व्युत्पत्तीचा पुरावा नव्हे. मधल्या पायऱ्या दाखवाव्या लागतात, आणि त्या येथें निराळ्याच वाटेनें जातात.

टॉलेमीचें कोष्टक पूर्ण ज्यांचें आहे. आर्यभटानें (शके ४२१, इ. स. ४९९) अर्धज्या घेतली, परिघ २१,६०० कला, त्रिज्या ३,४३८ कला व २२५ कलांच्या अंतरानें २४ ज्या, ही त्याची मांडणी. पुढें ‘अर्ध’ गळून नुसती ‘ज्या’ अथवा ‘जीवा’ राहिली. अरबांनीं जीवेस ‘जीब’ म्हटलें. अरबी लेखनांत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहींत. त्यामुळें कागदावर ज, य, ब एवढींच अक्षरें. ‘जीब’ला अरबींत अर्थ नाहीं, म्हणून तीं अक्षरें ‘जैब’ अशीं वाचलीं गेलीं. जैब म्हणजे वस्त्राचा गळा, उराजवळची घडी. हिंदुस्थानींतील खिशाची ‘जेब’ ती हीच. इ. स. च्या १२ व्या शतकांत लॅटिन भाषांतरकारानें त्याच अर्थाचा ‘सायनस’ शब्द योजला, व त्याचें इंग्रजींत ‘साइन’ झालें. हा भाषांतरकार क्रेमोनाचा जेरार्ड कीं चेस्टरचा रॉबर्ट, हा वाद आहे; आमच्या मुद्द्यास त्याच्या निर्णयाची गरज नाहीं. मात्र त्यास अडाणी ठरविणें आम्हांस अन्यायाचें वाटतें. समोरचा शब्द मूळचा संस्कृत आहे हें त्यास कोठून कळावें? जैबचा अर्थ त्यानें चोख दिला. (त्याच शतकांत, शके १०७२ त, आपल्याकडे भास्कराचार्यांचा सिद्धांतशिरोमणि सिद्ध झाला.)

‘को’विषयीं तर संशयास जागाच नाहीं. एडमंड गुंटर या इंग्रज गणितज्ञानें इ. स. १६२० त ‘पूरक कोनाचा सायनस’ या लॅटिन शब्दसमूहाचा संक्षेप करून तो शब्द बनविला. कोटिज्येचा अर्थ तोच असला तरी ‘को’ हें ‘कोटि’चें अपत्य नव्हे.

तेव्हां शिंजिनीस सोडून द्यावें; जीवेचा हक्क त्यानें कमी होत नाहीं. ज्यांच्या संग्रहीं ज्योतिषाच्या पोथ्या आहेत त्यांनीं ज्यार्ध, अर्धज्या, जीवा, मौर्वी हे पर्याय कोठें कोणता येतो तें, समासांतील टिपांसह, जसेंच्या तसें उतरून घ्यावें. ‘अर्ध’ कसकसा गळत गेला तें त्यांवरून ताडून पाहतां येईल.